सूपभर कोंडा

३ नोव्हेंबर, गुरुवार

अम्मानं, माझ्या सासूनं, आज बाजारातून सूप आणलं. नवं कोरं, बांबूचं. एक शब्द न बोलता कपाटावर ठेवून दिलं. मी बघितलं. मी बघितलं हे तिनंपण बघितलं. 

घरात पाखडायला जुनं सूप आहे, चांगलं धड आहे. हे पाखडायला नाही. हे माझ्या पोटातल्याला विकायला.

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटायचं. पोरं जगत नसली की आमच्याकडं — आमच्या मुलाणी लोकांत काय, शेजारच्या शेतकऱ्यांत काय — नवं बाळ सुपात घालून शेजारणीला विकतात. किंमत सूपभर कोंडा. शेजारीण कोंडा देते, बाळ उचलते, 'माझं झालं' म्हणते, उंबरा ओलांडून चार पावलं जाते अन् माघारी येऊन आईच्याच मांडीवर ठेवते — 'सांभाळ माझं.' झालं! बाळ आईचं राहिलंच नाही, मग नजर कुणाला लागणार अन् सटवाई कुणाचं नेणार?

माझा नवरा मुनीर असाच विकलेला. मानवतच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करतो, मिशा पिकायला लागल्या, पण आमच्या पिंगळीतली म्हातारी माणसं त्याला अजून 'कोंडूमियाँ'च म्हणतात. त्याला विकत घेणारी धुरपताबाई, आमच्या भिंतीला भिंत लागून घर. दर दिवाळीला हा तिला लुगडं नेतो अन् ती चारचौघांत 'माझा ल्योक' म्हणते. अम्मा हसते. तिला काही वाटत नाही.

माझी दोन गेली. पहिला पाचव्या दिवशी, दुसरी नवव्या. दोन्ही दिवस भरायच्या आधी आलेली. हे तिसरं. सातवा लागलाय.

५ नोव्हेंबर, शनिवार

व्हायचं ते झालं. शोएबला सूप दिसलं.

शोएब माझा धाकटा दीर. हाफीज आहे, मशिदीत पोरांना शिकवतो. तेवीस वर्षांचा, पण बोलायला लागला की साठीचा वाटतो. तसा स्वभावानं लय गरीब. माझी दुसरी गेली तेव्हा कबर त्यानंच खांदली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता.

म्हणला, "अम्मा, हे चालणार न्हाई. औलाद अल्लाची अमानत हाय. अमानत विकतेत का?"

अम्मा — "तुझ्या भावाला विकलं म्हणून तो जगला."

"जगवणारा अल्ला हाय."

"हौ रे! मी कवा म्हणलं धुरपता जगवती म्हणून? मी फक्त विकायले."

मला हसू आलं अन् रागपण आला. घरात आम्ही दखनीच बोलतो, तिच्यात हे भांडण अजून जोरात होतं. लिहिताना मला मराठीच येते, शाळाच ती शिकले.

राग याचा, की दोघंपण माझ्याकडं बघून बोलत नव्हते. सुपाकडं बघून बोलत होते! मला विचारा ना कुणीतरी. मला सूप नको, वाद नको. मला काचेची पेटी असलेला दवाखाना पाहिजे अन् छत्तीस आठवडे पाहिजेत. बास.

८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर पोटावर हात. ग्रामपंचायतीत संगणकावर बसते तर उजवा हात माऊसवर, डावा पोटावर. ग्रामसेवक म्हणले, "म्याडम, सुट्टी घ्या की." सुट्टी घेऊन काय करू? घरात सूप आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज ओटी भरली माझी. शोएबनं आधीच बजावलेलं, नारळ नको, हळद-कुंकू नको. अम्मा मान हलवत राहिली. मग पदरात नारळाच्या जागी खजूर पडले, खणाच्या जागी नवा दुपट्टा, पाच फळं होती तीच राहिली. धुरपताबाईनं सवयीनं कपाळाकडं हात नेला, मधेच थांबली अन् माझ्या गालाला हळूच चापट मारली. शोएबनं दुआ मागितली. एक खजूर खाल्ला पण स्वतः.

ओटी तीच. मला काय फरक पडला? पडला नाही. पण रडू आलं, कशाचं ते कळालं नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

कबूल करते. दुपारी घरात कुणी नव्हतं, स्टुलावर चढून सूप काढलं. (या दिवसात स्टुलावर! अक्कल गहाण.) मांडीवर ठेवलं. रिकाम्या सुपाला काही वजन नसतं. माझ्या पहिल्याला पण नव्हतं.

परत जागेवर ठेवलं. विश्वास नाही माझा. नाहीच. पण सूप फेकून दे म्हणून अम्माला सांगावं, तेवढी हिंमत पण नाही.

६ डिसेंबर, मंगळवार

पाणी गेलं. बत्तीसावा आठवडा. गाडी आलीय. वही पिशवीत टाकायले.

८ डिसेंबर, गुरुवार

परभणी. दवाखाना.

मुलगी झाली, काल सकाळी. एक किलो तीनशे ग्रॅम. रडली! बारीक, मांजराच्या पिल्लाएवढी, पण रडली. लगेच काचेच्या पेटीत नेली. मला आयांच्या खोलीत खाट दिलीय. दर तीन तासांनी काचेतून बघू देतात.

जन्मल्यावर बाळाच्या कानात अजान द्यायची असते, तर आत कुणाला सोडत नाहीत. शोएब दारात हात बांधून उभा, रडवेला. मग मुनीरनं डोकं चालवलं. शोएबनं व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभं राहून अजान मोबाईलमध्ये भरली, हळू आवाजात. राजेश्री सिस्टरनं फोन स्पिरिटनं पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. "एकच मिनिट हां, अन् आवाज बारीक." पेटीच्या गोल खिडकीतून तिनं फोन आत धरला. मी काचेला नाक लावून उभी. पोरीनं पाय ताणला.

शोएब म्हणायलाय, अशी दिलेली अजान झाली का नाही हे मौलानांना विचारावं लागंल. मी म्हणलं, विचारूच नका.

९ डिसेंबर, शुक्रवार

दूध येईना. पिळून पिळून जीव गेला, वाटीचा तळ ओला झाला नाही. दोघांच्या वेळी पण असंच झालं होतं. त्या वेळी पावडरीचं दिलं, ते सोसलं नाही.

राजेश्री सिस्टर म्हणली, "दवाखान्यात दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ठेवलेलं असतं. देऊ का? सही लागंल तुमची."

सही केली. वाचलं पण नाही. नळीनं तीन-तीन मिली, दर दोन तासाला.

११ डिसेंबर, रविवार

पाचवा दिवस. 

अम्मा आली. पाचवी पुजायची नाही म्हणून शोएबला शब्द दिलेला, तरी कंबरेच्या पिशवीत कोरा कागद अन् पेन! पाचवीला सटवाई येते अन् बाळाचं नशीब लिहून जाते. तिला लिहायला कागद ठेवायचा असतो. मुनीरच्या वेळी ठेवला होता, माझ्या पहिल्याच्या वेळी शोएबनं ठेवू दिला नाही. अम्मा ते कधी बोलून दाखवत नाही. पण मला माहीत आहे ती ते विसरली नाही.

आत कागद कोण नेऊ देणार? काचेतून बघत उभी राहिली. तेवढ्यात राजेश्री सिस्टर आली, पेटीच्या पायथ्याची पाटी काढली, पेनानं काहीतरी लिहिलं. ठोके, ताप, दूध किती. परत अडकवली.

"काय लिहायलीय ती?" अम्मानं विचारलं.

"बाळाचं. दर दोन तासाला लिहितात."

"दर दोन तासाला?" अम्मानं कागद घडी करून पिशवीत टाकला. "मग आपला कशाला पाहिजे. चांगली लिहायलीय की बाई."

अन् खाली जाऊन चहा पिऊन आली. आठवड्यात पहिल्यांदा.

रात गेली तर लिहीन.

१२ डिसेंबर, सोमवार

गेली. रात गेली, पोरगी आहे! एक किलो तीनशे दहा.

१३ डिसेंबर, मंगळवार

मीच बोलून बसले. मुनीर अन् शोएब भेटायला आलेले, सहज म्हणलं की दुसऱ्या बाईचं दूध सोसतंय तिला, वजन धरायलीय.

शोएबचा चेहरा बदलला. "कुणाचं, भाबी?"

"मला काय म्हाईत कुणाचं."

मग समजावून सांगितलं त्यानं. जिचं दूध पोटात गेलं ती बाळाची आई होते. दूध-आई. तिची पोरं बाळाची भावंडं, त्यांच्यात लग्न होत नाही. एक घोट असला तरी. "दूध नको असं मी म्हणतच न्हाई. दुसरीच्या दुधावर वाढणं तर आपल्याकडं मानाचं हाय. फक्त नाव पाहिजे. नातं झालं अन् नावच न्हाई, असं कसं चालंल?"

मी म्हणलं, "एक किलो तीनशे ग्रॅमच्या पोरीचं लग्न काढायलात तुमी?"

मुनीर हसला. शोएब नाही हसला. म्हणला, "ती जगणारच हाय असं धरून बोलायलोय मी, भाबी."



१४ डिसेंबर, बुधवार

अम्माला कळालं. ती तर उड्या मारायची राहिली! म्हणे, "झालंच की मग! दुसरीचं दूध पेली म्हंजी पोरगी आपली राह्यलीच न्हाई. आता फक्त त्या बाईकडून कोंडा घ्यायचा अन् रीतीनं मोकळं व्हायचं."

म्हणजे आता शोएबला ती बाई पाहिजे नावासाठी. अम्माला पाहिजे कोंड्यासाठी. जन्मात पहिल्यांदा दोघं एका बाजूला!

अन् मला? मला ती बाई नको आहे. खरं लिहिते, इथं तरी. पोरगी माझी, आठ वेळा दिवसाला हात धुऊन काचेपाशी उभी राहते मी, अन् आई कोण? कुठली तरी दुसरीच. माझ्या अंगाला काय धाड भरली होती?

राजेश्री सिस्टरला विचारलं. "देणारीचं नाव सांगत न्हाई आमी. नियमच हाय."

१५ डिसेंबर, गुरुवार

नववा दिवस. मला काही लिहायचं नाही आज.

१६ डिसेंबर, शुक्रवार

आहे! एक तीनशे सत्तर. डोक्यात सुई लावायला सिस्टरनं एका बाजूचं जावळ भादरलं. सातव्या दिवशी जावळ काढायचं राहूनच गेलं होतं, ते असं निघालं, अर्धं. अम्मा बघून हबकली, "केस कुठं टाकले?" राजेश्री सिस्टरनं ड्रॉवरमधून पाकीट काढलं. कापसात गुंडाळून ठेवले होते. म्हणली, "सगळ्यांच्या सासवा मागतात. मी ठेवतेच."

आणि आज एक बाई बघितली.

आमच्या खोलीला लागून बारकी खोली आहे, दूध काढायची. मशीन आहे तिथं. ही बाई रोज साडेदहाच्या सुमाराला येते, अर्ध्या तासानं बाहेर येते, बाटली सिस्टरच्या हातात देते, जाते. माझ्याएवढीच असंल. काळी-सावळी, उंच, निळी साडी. आज ती बाटली देऊन गेली अन् थोड्या वेळानं सिस्टर माझ्या पोरीच्या नळीत दूध घालायला आली!

तीच. तीच असणार.

१७ डिसेंबर, शनिवार

सकाळी सहाला माझं दूध आलं. आपोआप. कपडे भिजले. ओरडलेच मी, शेजारची बाई घाबरून उठली. पंचवीस मिली! सिस्टर म्हणली, आता दुसऱ्याचं लागायचं नाही.

त्या बाईच्या वाटेवर दारातच उभी राहिले साडेदहाला. का, ते माझं मलाच कळंना. आता तर तिची गरजपण नव्हती. भांडायला उभी होते की पाया पडायला?

तिला विचारलं, "तुमचं बाळ पण पेटीत हाय का?"

म्हणली, "व्हतं."

मी मूर्ख! पुढं विचारलं, "मग, सुट्टी झाली?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "न्हाई. गेलं. एकोणीस दिवस झाले आज. दोन किलो शंभर भरला व्हता. श्वासच धरला न्हाई."

मग तीच बोलत राहिली, मी भिंतीला टेकून. सुकेशनी नाव. चुडाव्याची. बाळ गेलं तरी दूध थांबंना, छाती दगड झालेली, ताप भरला. सगळ्या म्हणल्या, कोबीची पानं बांध, आटव. हिच्या डोक्यात भलतंच. रोज सकाळच्या गाडीत बसते, परभणीला उतरते, देऊन परत जाते. नवरा सिद्धोधन शाळेत मास्तर आहे, तो म्हणतो किती दिवस. "मी म्हणलं, येतंय तवर."

मी म्हणलं, "माझ्या पोरीला तुमचंच दूध चाललं व्हतं."

असं कुणी सांगितलं मला? कुणीच नाही. पण मी म्हणलं.

तिचा चेहरा! मी लिहू शकत नाही. "खरंच?" म्हणली. "कोणती? दाखवाल का?" काचेपाशी नेलं. लय वेळ बघत राहिली. मग म्हणली, "पाय लांब हायत हो हिचे," अन् पदर तोंडात कोंबला.

नळीचं दूध, ती बाटली, सगळं आठवून मी राजेश्री सिस्टरला विचारलं, हिचंच ना? सिस्टर हो म्हणली नाही, नाही म्हणली नाही. "तुमी आराम करा," म्हणली. म्हणजे हिचंच.

माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक.

३० डिसेंबर, शुक्रवार

घर! एक किलो आठशे. पोरीच्या कागदावरचं नाव इनाया. अम्मा म्हणते कोंडाबी. शोएब दोन्हीला तोंड वाकडं करतो.

४ जानेवारी, बुधवार

शोएब स्वतः चुडाव्याला जाऊन आला. सिद्धोधन मास्तरांना भेटला. आल्यावर त्याच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं — इनायाची दूध-आई सुकेशनी, चुडावा. खाली तारीख, खाली मुनीरची अन् माझी सही साक्षीदार म्हणून. "आता कुणी विचारलं तर सांगता येईल," म्हणला. इतका समाधानी मी त्याला कधी बघितला नव्हता.

मग अम्मानं विषय काढला. चिल्ला, बाळंतपणाचे चाळीस दिवस, पुरा झाला की सुकेशनीला बोलवायचं. सूप.

मला वाटलं आता पेटणार. शोएब नखं बघत बसला. शेवटी म्हणला, "विकणं न्हाई. पण दूध-आईला एकदा लेकरू हातात देणं, त्याला कोण नको म्हणंल?"

"अन् कोंडा?"

"कोंडा मला दिसला न्हाई म्हंजी झालं."

कमाल आहे या माणसाची!

५ जानेवारी, गुरुवार

धुरपताबाई फुगलीय. आठवड्यापासून ज्वारीचं पीठ चाळून चाळून कोंडा साठवत होती. "गिरणीत इतकं बारीक दळतेत, कोंडा निघतोय कुठं? चार शेजारणींकडून मागून आणला. अन् आता घेणारी दुसरीच?" अम्मा तासभर समजूत घालत होती. दाराआडून ऐकलं — दोघी रडत होत्या, मग हसत होत्या, मग शेंगा फोडत होत्या.

१५ जानेवारी, रविवार

चाळीस दिवस भरले. योगायोगानं आजच संक्रांत. सकाळी मी न्हाले, पोरीचं उरलेलं जावळ काढलं, पाकिटातलं त्यात मिळवून मुनीरनं बांधावर पुरलं. अकीक्याचा, बाळाच्या नावानं कापायचा बकरा झाला. धुरपताबाई ववसा आटपून आली, तिळगूळ वाटला. सुकेशनी दुपारच्या गाडीनं उतरली, एकटीच.

अम्मानं तिला सगळी रीत सांगितली. ती अवघडली. "मावशी, आमच्यात हे सोडलंय. सटवाई, नवस, समदं. बावीस प्रतिज्ञा हायत आमच्या."

शोएब म्हणला, "ताई, आमच्यातबी न्हाई हे."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं अन् दोघंपण हसले. मग कोण कुणाला काय म्हणणार? कुणाच्यातच नाही, अन् सगळे गोल करून बसलो.

सुकेशनीकडं कोंडा कुठला असणार! धुरपताबाईनं फडकं सोडलं. "घे. माझा घे. हिच्या बापाच्या टायमाला मी दिला, आता तुझ्या हातानं दे." शोएब उठून दारात पाठ करून उभा राहिला, आभाळाकडं बघत.

सुपात इनाया. अम्मानं सूप उचलून पुढं केलं. सुकेशनीनं ओंजळीनं कोंडा अम्माच्या पदरात घातला. थोडा थोडा, घाई न करता, सगळा. मग पोरीला उचललं. सूप नाही, नुसती पोरगी, छातीशी.

"माझी झाली," म्हणली.

उंबरा ओलांडला. चार पावलं असतात. ती चार गेली. पाच. सहा. हापशापर्यंत गेली. थांबलीच नाही. रस्त्याला लागली. पाठमोरी, निळी साडी, खांद्यावरून पोरीचं उघडं डोकं दिसायलेलं.

 आमच्या आयांनी, सासवांनी ही रीत केली तेव्हा घेणारी शेजारीण असायची. चार पोरांची, भरल्या घरची. तिला परत द्यायचंच असायचं. जिचं स्वतःचं गेलंय तिच्या हातात कुणी दिलं होतं का कधी? कुणाच्या डोक्यातच आलं नाही! अम्मानं माझं मनगट इतकं दाबलं की अजून वळ आहे. धुरपताबाई ओरडणार तेवढ्यात शोएब मागं न वळता म्हणला, "थांबा. कुणी हाक मारू नका."

वडापाशी थांबली. उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मला वाटलं मी आता पळत जाणार अन् हिसकावून घेणार, अन् हिसकावून घेतलं तर हिचं दुसऱ्यांदा जाईल, अन् नाही घेतलं तर माझं तिसऱ्यांदा. या अल्ला, असं कुणावर आणू नको!

पोरगी रडली. बारीक.

सुकेशनी वळली. आली. आधी भरभर, मग हळू. उंबऱ्यात बसली, माझ्या मांडीवर ठेवली. म्हणली, "भूक लागलीय तिला. घ्या आधी."

मी पाजायला घेतलं.  ती शेजारी बसून बघत राहिली. पोट भरून पोरगी झोपली तेव्हा तिला आठवलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणली, "सांभाळा माझी."

"सांभाळते," म्हणलं. 

जाताना तिनं रिकामं सूप मागितलं. अम्मानं दिलं. कशाला पाहिजे म्हणून कुणी विचारलं नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

सुकेशनीचा मेसेज. दूध आटलं म्हणे, आपोआप, परवा घरी गेल्यापासून. दुखलं पण नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

राजेश्री सिस्टरचा फोन, डोळ्यांच्या तपासणीची तारीख सांगायला. मीच आनंदात सगळं सांगत बसले. सुकेशनी, सूप, कोंडा, वही. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणली, "नाव सांगायचं नसतं आमाला, म्हणून मी तवा बोलले न्हाई. पण तुमी नाव लिहून ठेवलंय म्हणताय म्हणून सांगते. दूध एका बाईचं देतच न्हाईत. चार-पाच जणींचं एकत्र करतात, तापवतात, तपासतात, मग देतात. सुकेशनीचे रिपोर्ट बावीस तारखेला आले, त्याच्या आधी तिचं दूध कुणालाच दिलं न्हाई. तुमची पोरगी सतरापासून तुमच्याच दुधावर व्हती."

म्हणजे एक थेंब नाही. सुकेशनीचं एक थेंब पण नाही.

शोएबला कळालं तर तो वहीतलं नाव खोडंल. खरा माणूस आहे, रडत रडत खोडंल. अन् ज्या चार-पाच जणी खरंच आया आहेत, त्या कुठं असतील, मानवतला की पूर्णेला, त्यांची पोरं इनायाचे भाऊ, ते कसं शोधणार मी? मेल्यावर उत्तर द्यावं लागंल तर देईन. अल्लाला मीच देईन.

मेसेज आलाय — 'ताई, रविवारी दुपारच्या गाडीनं येते. लेकीला टोपी विणलीय. डोकं उघडं ठेवू नका, थंडी लय हाय.'

लिहिलं — 'या. लेक वाट बघायलीय तुमची.'